काचेमागे ठोकलेली नावं

मित्रांनो, मी एक जुनी खुंट्यांची फळी आहे, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते. जुन्या वस्तूंनी गोड गोड बोलावं, आठवणी काढून डोळे पुसावेत आणि शेवटी 'आम्हाला जपा हो' म्हणून हात जोडावेत, अशी तुमची अपेक्षा असणार. ती आत्ताच सोडा. मला जपलं म्हणूनच माझं वाटोळं झालं.

माझा जन्म एका मोडक्या कपाटाच्या दारातून झाला. शाळेच्या सुतारकाकांनी ते दार उभं चिरलं, रंधा मारला आणि पोरांच्या हाताला कूस लागू नये म्हणून माझ्या चारही कडा घासून घासून गोल केल्या. मग पाच खुंट्या घडवल्या आणि प्रत्येक खुंटी जराशी वर तोंड करून बसवली, म्हणजे अडकवलेलं घसरत नाही. खुंटा हलवून बळकट करायचा असं आपण नुसतं म्हणतो. काकांनी ते खरोखर केलं. दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं, आणि त्यांची बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, फळी टिकेल, तुमची कंबर मोडेल!"

सुरुवातीची वर्षं मी चौथीच्या वर्गाबाहेर, व्हरांड्यात होते. ओले रेनकोट, दप्तरं, डब्यांच्या पिशव्या, एकदा तर कुणाचा तरी पतंग. कुणी माझ्याकडे बघायचं नाही, पण सगळे माझ्याकडे यायचे. मला ते पुरेसं होतं.

मला आत नेलं ते इंग्रजीच्या बाईंनी. बाई अंगापिंडाने लहान, आवाज मात्र मैदानापर्यंत पोचणारा. त्या दिवशी वर्गात मोठा गोंधळ झाला होता. नाउन म्हणजे काय, असं विचारलं की सगळी मुलं एका सुरात सांगायची, "नाउन म्हणजे व्यक्ती, ठिकाण किंवा वस्तू यांचं नाव!" पाठ अगदी घोटून. पण बाईंनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं की मुलगा शेळीला खाऊ घालतो, तर अर्ध्या वर्गाने त्याचा अर्थ लावला, शेळी मुलाला खाऊ घालते. दोन्ही नावं ओळखू आली होती. कोण कुणाला, ते कळलं नव्हतं. बाई वैतागून बाहेर आल्या, पहिल्या खुंटीवरची आपली छत्री काढून तिसऱ्या खुंटीवर टाकली, कारण मागची पिशवी हवी होती, आणि तिथेच थबकल्या. पुन्हा छत्री पहिल्या खुंटीवर ठेवली. पुन्हा तिसऱ्या. मग ओरडल्या, "शिपाईकाका, पेचकस आणा! ही फळी मला आत हवीय."

त्यानंतर सुतारकाकांनी उरल्यासुरल्या पातळ लाकडाच्या छोट्या पाट्या कापून दिल्या आणि बाईंनी त्यांवर नावं रंगवली. कॅट, डॉग, गर्ल, बॉय, मिल्क, डोअर, ग्लास, स्कूल. प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात 'द'. नावांच्या पाट्या निळ्या, कामाचे शब्द लाल. प्रत्येकीला दोरीचा फास.

आता नीट ऐका, कारण हे मी तुम्हाला कुठल्याही मार्गदर्शकापेक्षा चांगलं सांगू शकते. आपल्या भाषेत नाव आपली ओळख स्वतःच्या अंगावर घेऊन फिरतं. मांजराने, कुत्र्याला, दारात. त्याला वाक्यात कुठेही बसवा, कोण काय करतोय ते कळतंच. इंग्रजीतलं नाव तसं काही अंगावर घेत नाही. कॅट म्हणजे नुसतं कॅट. ते कुठल्या जागी आहे यावरून त्याचं काम ठरतं. माझ्या पहिल्या खुंटीवर जो लटकला, काम त्याने केलं. दुसरीवर ते लाल काम. तिसरीवर जो आहे, ते काम त्याच्यावर झालं. चौथ्या खुंटीवर इन, ऑन, अंडर असा एखादा चिमुकला शब्द, आणि त्याच्यामागे पाचवीवर पुन्हा एक नाव. ते बिचारं काही करतही नाही, सोसतही नाही, फक्त कुठे ते सांगतं. मांजर कुत्र्यामागे धावलं की कुत्रा मांजरामागे, हे बदलायला नाव बदलावं लागत नाही. दोरी उचलायची, खुंटी बदलायची. बस्स.

आणि मुलं उचलायची! अहो, काय झुंबड उडायची माझ्यापुढे. दूध मांजराला प्यायचं, दार मुलीला उघडायचं, शाळा बाकाखाली लपायची आणि वर्ग पोट धरून हसायचा. हसायचा म्हणजे कळलेलं असायचं, नाहीतर हसू कशाचं येणार? माझ्या खुंट्यांचा रंग उडाला. एका पाटीचा कोपरा कुणीतरी चावला. डॉग दोनदा हरवला आणि दोनदा नवा रंगवला. मी इतकी सुखात कधीच नव्हते.

त्या झुंबडीत सगळ्यात पुढे दोघं असायची. एक टिचकी. हे तिचं खरं नाव नव्हे. पाटी अडकवली की तिला टिचकी मारून झुलवल्याशिवाय ती मागे सरत नसे, म्हणून ते पडलं. दुसरा तिचा चुलतभाऊ बटाट्या, गोल आणि शांत. दोघांच्या बाबांचं मिळून एक इस्त्रीचं दुकान होतं. एकाच घरातून दोघं यायची, एकाच बाकावर बसायची, डब्यातलं एकमेकांचं पळवायची.

बटाट्या एकदा म्हणाला, "बाई, राग हे पण नाव आहे ना? मग त्याची पाटी कशी करणार? तो कुठे दिसतो?"

"परवा तुझ्या घरी कप फुटला म्हणालास. कुणी फोडला?"

"बाबांनी. म्हणजे... त्यांना राग आला होता."

बाईंनी तिथल्या तिथे एक निळी पाटी रंगवली, अँगर, आणि माझ्या पहिल्या खुंटीवर अडकवली. मग दुसरीवर ब्रेक्स, तिसरीवर कप. हाताला न लागणाऱ्या गोष्टींनाही नाव असतं आणि तीही पहिल्या खुंटीवर बसून काम करू शकतात, हे त्या दिवशी त्या पोरांना कळलं. बटाट्याने ते घरी जाऊन बाबांना सांगितलं म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवलेला होता.

हे दिवस संपवले ते शत्रूंनी नव्हे, चाहत्यांनी. आमच्या वर्गाचा बोलबाला झाला. दुसऱ्या शाळांतले शिक्षक बघायला येऊ लागले, फोटो काढू लागले. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, छाती फुगवून त्यांना माझ्यासमोर उभे करायचे. वाईट माणूस नव्हे हो. पण त्यांची एक रीत होती. एखादी गोष्ट चांगली निघाली की ती वापरातून काढायची. शाळेला मिळालेला नवा चेंडू त्यांच्या कपाटात होता, अजून न फुगवलेला. नकाशे गुंडाळलेले होते. रंगांची पेटी पाहुण्यांसाठी होती. आणि आता मी चांगली निघाले होते.

बाई रजेवर गेल्या. त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं. त्या रजेत मोठ्या सरांनी रंगारी बोलावला. माझ्यावर चकाचक वॉर्निश चढवलं, कडेला सोनेरी पट्टी मारली. एवढ्यावर थांबले असते तर मी दात-ओठ खाऊन गप्प बसले असते. पण पाट्या हरवतात, म्हणून त्यांनी पाट्याच ठोकल्या! कॅट पहिल्या खुंटीवर, डॉग तिसऱ्या खुंटीवर, गार्डन पाचवीवर, मधे चेजेस आणि इन. प्रत्येकीच्या डोक्यातून एक खिळा. उरलेल्या सगळ्या पाट्या पोत्यात भरून अडगळीच्या खोलीत. आणि वरून काच, चारी कोपऱ्यांना स्क्रू. खाली पितळी पट्टी: 'कृपया हात लावू नये'. सांगा, अंगाचा तिळपापड होईल की नाही?

बाई परत आल्या, दारातच उभ्या राहिल्या. मग तडक मोठ्या सरांना घेऊन आल्या.

"सर, हे काय केलंत?"

"किती सुंदर दिसतंय बघा! तुमचंच काम आहे, बाई. आता वर्षानुवर्षं टिकेल."

"पण ही नावं हलायला हवीत. हलवली नाहीत तर यात शिकण्यासारखं काही उरत नाही."

"हलवली की हरवतात. मागे किती वेळा डॉग केलात तुम्ही?"

"करीन अजून शंभर वेळा!"

"बाई," मोठे सर हसून म्हणाले, अगदी प्रेमाने, आणि त्याचीच मला जास्त चीड आली, "इतकी मौल्यवान वस्तू पोरांच्या हातात देतात का?"

बाई हट्टाला पेटल्या. रोज अर्ज, रोज वाद. शेवटी मोठ्या सरांनी त्यांना बालवर्गावर पाठवलं आणि चौथीला नवे सर आणले. नवे सर आज्ञाधारक होते. काचेवर छडी टेकवून ते म्हणायचे, "पहिल्या खुंटीवर?" वर्ग म्हणायचा, "कॅट!" "तिसऱ्या खुंटीवर?" "डॉग!" द कॅट चेजेस द डॉग इन द गार्डन. सकाळी तेच, जेवणाच्या सुट्टीनंतर तेच. मी काचेमागे लटकून ऐकत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती, जरी मला ना तळपाय ना मस्तक.

मग ते झालं जे या शाळेशिवाय कुठे होणं शक्य नाही. मुलांना वाटू लागलं की वाक्यात काम करणाऱ्यालाच कॅट म्हणतात. नियम म्हणून. मैदानावर आट्यापाट्या खेळताना पोरं विचारायची, "आज आपला कॅट कोण?" आणि जो पकडला जाईल, तो डॉग. हसू नका. चूक त्यांची नव्हती. एखाद्याला जन्मभर एकाच खुर्चीत बसलेलं दाखवलं तर पोरं ती खुर्ची आणि तो माणूस एकच समजणार.

आणि ही चूक स्वस्तात सुटणारी नव्हती. वर्षअखेरीला बाहेरून परीक्षक यायच्या, तोंडी परीक्षा घ्यायच्या. पास झालेली मुलं पुढे इंग्रजीच्या वर्गात. नापास झालेली हातकामाच्या वर्गात, आणि तिथून वरच्या शाळेचं दार बंद. हातकामात वाईट काही नाही, मी स्वतः हातकाम आहे. पण आमच्या शाळेत तो वर्ग म्हणजे शिक्षा होती. मोडक्या वस्तू आणि नापास मुलं, दोन्ही त्याच मागच्या खोलीत पाठवायची. टिचकीच्या आईने तिला परीक्षेच्या सकाळी दोनदा बजावलं होतं, "निदान तू तरी वर जा गं. बटाट्यालाही ओढ." हे टिचकी वर्गात त्याला कुजबुजून सांगत होती आणि तो नुसता नखं खात होता.

परीक्षक बाई आल्या, टेबलाशी बसल्या. प्रश्न अगदी साधा होता. त्या काहीतरी करून दाखवायच्या, आणि काय झालं ते इंग्रजीत सांगायचं. त्यांनी दार उघडलं. पहिला मुलगा म्हणाला, "द कॅट चेजेस द डॉग." त्यांनी पेला उचलला. दुसरी मुलगी म्हणाली, "द कॅट चेजेस द डॉग." परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या मुलाने जरा डोकं चालवलं, "द कॅट ओपन्स द डॉग." नवे सर खिडकीबाहेर बघत होते. बटाट्याची पाळी आली. परीक्षकांनी एका मुलाच्या हातात पुस्तक दिलं. बटाट्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, काचेमागच्या त्या ठोकलेल्या नावांकडे पाहिलं, आणि त्याला काही सुचेना. गोरामोरा होऊन तो खाली बसला. अहो, हाच तो मुलगा, ज्याने विचारलं होतं की राग कुठे दिसतो! इथे दिसत होता, भिंतीवर, काचेमागे. पण मला कोण विचारतो?

"पुढची," परीक्षक म्हणाल्या.

टिचकी उठली ती टेबलाकडे गेलीच नाही. सरळ माझ्यासमोर आली.

"अगं, इकडे ये. तिकडे काय आहे?"

"मला नावं हलवायचीत," टिचकी म्हणाली.

"हात लावू नकोस!" नवे सर धावले. दारात उभे असलेले मोठे सरही ओरडले, "अगं ए, पाटी वाच! वाचता येतं ना?"

तिला वाचता येत होतं. म्हणूनच तिने काचेच्या खालच्या कडेत बोटं घातली आणि जोर लावला. तिला काच फोडायची नव्हती, फक्त उघडायची होती. पण एका कोपऱ्याचा स्क्रू सुटला, काच तिरपी झाली आणि खाडकन जमिनीवर आली. बरोबर डॉगही सुटून पडला. टिचकीच्या बोटातून रक्त येत होतं.

मोठे सर चिडून तिच्याकडे धावले. परीक्षकांनी मात्र हात वर करून त्यांना थांबवलं, रुमालाने मुलीचं बोट बांधलं आणि शांतपणे विचारलं, "आत्ता इथे काय झालं? इंग्रजीत सांग."

टिचकी म्हणाली, "द गर्ल ब्रेक्स द ग्लास."

"आणि हे?" त्यांनी बांधलेलं बोट दाखवलं.

टिचकीने डोळे मिटले. तिचा दुसरा हात हवेत वर गेला, काहीतरी उचलून पलीकडे अडकवल्यासारखा. मग अडकवलेल्याला टिचकी मारल्यासारखं बोट हललं. "द ग्लास कट्स द गर्ल."

मित्रांनो, त्या वेळी मी रडले असते, पण वॉर्निशमुळे लाकडाला घामसुद्धा येत नाही. मुलगी तीच, काच तीच. मघाशी मुलगी पहिल्या खुंटीवर होती, आता काच आली. माझ्याशिवाय, पाट्यांशिवाय तिने ती जागच्या जागी फिरवली.

टिचकी पास झाली. वर्गातली ती एकटी. तिने लगेच बटाट्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बाई, त्यालाही येतं हो! सगळ्यांना येईल, फक्त हलवू द्या!" परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. पुढच्या शाळेची वेळ झाली होती. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण दारातून त्या दोनदा मागे वळल्या. पण वळल्या आणि गेल्या. नंतर मोठे सर बराच वेळ काचा गोळा करत होते आणि पुटपुटत होते, "इतकी छान ठेवली होती... इतकी छान ठेवली होती." बाकी सगळा वर्ग नापास झाला याबद्दल अवाक्षर नाही. काचेबद्दल मात्र कळवळा!

मी आता पाहुण्यांना दाखवण्याजोगी राहिले नाही. मग काय, मोडक्या वस्तू जिथे जातात तिथे माझीही रवानगी झाली, त्याच महिन्यात ती पोरं जिथे गेली तिथेच. हातकामाच्या ताईंनी मला भिंतीवर ठोकलं, कारण एप्रन अडकवायला काही नव्हतं. त्या इंग्रजीतल्या नव्हेत, पण त्यांना रिकामे हात बघवत नाहीत. अडगळीतलं पोतं त्यांनीच शोधून काढलं, कॅटच्या डोक्यातला खिळा पकडीने उपटला आणि सगळ्या पाट्या टेबलावर ओतल्या. टिचकी मधल्या सुट्टीत तिच्या एकाकी वर्गातून पळत इथे येते आणि सगळ्यांवर दादागिरी करते. "अरे तिसऱ्यावर नाही, पहिल्यावर! काम कोण करतोय, तू की बादली?" परीक्षक पुढच्या वर्षी परत येणार आहेत. नापासांनी पुन्हा बसू नये असा नियम कुठेच लिहिलेला नाही, असं बालवर्गावर गेलेल्या आमच्या बाई मोठ्या सरांच्या तोंडावर सांगून आल्या आहेत. मोठे सर अजून विचार करत आहेत. करू देत.

माझी विनवणी एवढीच. मला पुन्हा वॉर्निश लावू नका. मला सुंदर म्हणू नका. चिकट हातांनी या, ओले एप्रन टाका, माझ्या खुंट्या झिजल्या तर दुसऱ्या बसवा. आणि आत्ता कृपा करून हळू बोला. कालची गोष्ट सांगते. बटाट्याने टेबलावरून तीन पाट्या उचलल्या आणि माझ्यावर ओळीने लावल्या: द स्कूल फेल्स द बॉय. मग त्याने तिन्ही काढल्या. एक कोरी पाटी घेतली, निळ्या रंगात तिच्यावर स्वतःचं खरं नाव लिहिलं, ती सुकेपर्यंत फुंकर मारली आणि माझ्या पहिल्या खुंटीवर अडकवली. दुसरी खुंटी अजून मोकळी आहे. तो आज सकाळपासून टेबलावरच्या ढिगात हात घालून लाल पाट्या एकेक वाचतोय, आणि त्याला घाई करायला कुणी आलं ना, तर मी त्या येणाऱ्याच्या डोक्यात पडेन.